सांभाळणाऱ्याची उसंत

घरांत कोणी अंथरुणास खिळलेलें असलें म्हणजे विचारपूस करणाऱ्यांची उणीव पडत नाहीं. शेजारी येतात, नातलग येतात, जातांना फळें ठेवून जातात. आणि प्रत्येकाच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : ‘आतां कसें आहे?’ ज्याच्यासाठीं हा प्रश्न असतो त्याच्याविषयीं तो विचारलाच पाहिजे. परंतु त्याच्या उशाशीं जी व्यक्ति रात्रंदिवस उभी असते तिची रात्र कशी गेली, शेवटचें जेवण तिनें निवांत बसून केव्हां घेतलें, हें विचारण्याची रीत अजून पडलेली नाहीं. तिच्या श्रमांस लोक ‘माया’ असें गोड नांव देतात. आणि मायेला सुट्टी लागत असेल ही कल्पनाच कोणाच्या मनांत येत नाहीं.

आजारपण आणि अपंगत्व यांत एक मोठा भेद आहे. ताप उतरतो, मोडलेलें हाड सांधतें, शस्त्रक्रियेची जखम भरून येते. घर चार आठवडे ताणलें जातें आणि पुन्हां सैल होतें. परंतु सेरेब्रल पाल्सीमुळें ज्याचे हातपाय त्याच्या इच्छेप्रमाणें वळत नाहींत, ज्याला भरवावें लागतें, रात्रीं कूस बदलून द्यावी लागते, आकडी येण्याच्या भीतीनें ज्याच्याजवळ कोणीतरी जागें असावें लागतें, त्याच्या घरीं असली मुदत नसते. मूल पांच वर्षांचें असतां आई त्याला कडेवर घेऊन जिना उतरते. तें पंचवीस वर्षांचें होतें तेव्हां त्याचें वजन पन्नास-साठ किलो भरतें, आणि आईनें पन्नाशी ओलांडलेली असते. मूल वाढतें तशी आईची शक्ति वाढत नाहीं. हिशेब अगदीं साधा आहे. पण तो मांडावयास कोणी बसत नाहीं.

मग एके दिवशीं तो हिशेब आपोआप पुढें येतो. आई न्हाणीघरांत घसरते, तिला रुग्णालयांत न्यावें लागतें, आणि त्या क्षणीं कळून येतें कीं तिच्या मुलाविषयीं घरांत दुसऱ्या कोणास पुरतें ठाऊक नाहीं. कोणती गोळी कुटून द्यावयाची, कोणती मुळींच कुटावयाची नाहीं. घास कोणत्या बाजूनें दिला म्हणजे ठसका लागत नाहीं. कोणता हुंकार तहानेचा आणि कोणता दुखण्याचा, हें सारें शास्त्र त्या एका बाईच्या डोक्यांत सांठलेलें असतें. अशा वेळीं वडील रजा काढतात, बहीण गांवाहून धांवून येते, नाहींतर त्या मुलालाहि जेथें खाट मिळेल तेथें ठेवण्यांत येतें. एका संकटाचीं दोन संकटें होतात. ज्या दिवशीं उसंत सर्वांत अधिक हवी असते त्याच दिवशीं ती मिळविण्यास सर्वांत थोडा वेळ असतो. म्हणून उसंत ही कोसळल्यानंतरची मलमपट्टी समजणें चूक आहे. ती कोसळूं नये म्हणून आधींच करून ठेवावयाची तजवीज आहे.

थोड्या मुदतीपुरतें, म्हणजे कांहीं तास, एखादी रात्र किंवा पंधरा दिवस, सांभाळण्याचें काम दुसऱ्या जाणत्या हातीं सोंपवावयाचें, मुदत संपतांच तें परत घ्यावयाचें, आणि त्याचा खर्च त्या एकट्या कुटुंबावर न पडतां सार्वजनिक निधींतून व्हावयाचा, एवढा या व्यवस्थेचा अर्थ. यांत तीन गोष्टी आहेत : मुदत, जाणता हात आणि पैसा. तिहींपैकीं एक जरी नसली तरी उसंत उरत नाहीं. मुदत नसली तर तें टाकून देणें होतें. हात जाणता नसला तर तो धोका होतो. पैसा नसला तर तें केवळ श्रीमंतांचें सुख होतें.

ही कल्पना फार जुनी नाहीं, आणि तिचा उगम समजून घेण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप व अमेरिका येथें गंभीर अपंगत्व असलेल्या माणसांस मोठमोठ्या संस्थांत ठेवून देण्याची चाल होती. उंच भिंतींआड आयुष्येंच्या आयुष्यें निघून जात. १९६० नंतर ही चाल हळुहळू मोडत गेली. अशा माणसांनीं आपल्या घरीं, आपल्या माणसांत राहावें हा विचार रुजला, आणि तो सर्वस्वीं योग्य होता. परंतु संस्थेंत जें काम पगारी सेवक पाळ्यापाळ्यांनीं करीत, तें घरीं आल्यावर एकाच बाईच्या वांट्यास आलें. आणि तिची पाळी कधीं संपतच नव्हती. माणसें घरीं आलीं, पण त्यांच्या सांभाळासाठीं खर्च होणारा पैसा त्यांच्यामागें घरापर्यंत आला नाहीं.

इंग्लंडांत या प्रश्नास वाचा फोडण्याचें श्रेय मेरी वेब्स्टर या बाईंस दिलें जातें. त्या धर्मोपदेशक होत्या. आईवडिलांच्या सेवेसाठीं त्यांनीं आपलें काम सोडलें होतें. १९६३ सालीं त्यांनीं वृत्तपत्रांस पत्र लिहून, आपल्यासारख्या अविवाहित मुलींवर हा भार कसा मुकाट्यानें पडतो, तें जगापुढें मांडलें. ठिकठिकाणच्या स्त्रियांचीं उत्तरें आलीं, आणि १९६५ सालीं त्यांची संघटना उभी राहिली. पुढें १९७६ सालीं अशा सेवेसाठीं सरकारी भत्ता सुरू झाला; परंतु विवाहित स्त्रियांस त्यांतून वगळण्यांत आलें. विवाहित स्त्री घरींच असावयाची, तेव्हां तिचें काय बुडतें, असा त्यामागचा तर्क ! जॅकी ड्रेक या विवाहित बाईंनीं आईच्या शुश्रूषेसाठीं नोकरी सोडली होती. त्यांचें प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलें आणि १९८६ सालीं तो भेद नाहींसा झाला. जें काम पत्नी किंवा आई करते तें कामच नव्हे, ही समजूत मोडण्यास सुधारलेल्या म्हणविणाऱ्या देशासहि किती काळ लागला, हें यावरून दिसतें.

त्याच इंग्लंडांत २०११ सालीं अपंग मुलांच्या पालकांसाठीं जे नियम अमलांत आले, त्यांतील एक कलम विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्यांना उसंत मिळाली नाहीं तर सांभाळणें अशक्यच होईल, त्यांचा विचार स्थानिक संस्थांनीं करावा, असें तर तें कलम सांगतेंच. परंतु तेवढ्यावर तें थांबत नाहीं. ज्यांना उसंत मिळाल्यानें सांभाळ अधिक चांगला करतां येईल, त्यांचाहि विचार केला पाहिजे, असें तें म्हणतें. आईला कांहीं शिकावयाचें असेल, नियमानें एखादा विरंगुळा हवा असेल, घरांतील दुसऱ्या मुलांकडे पाहावयाचें असेल, किंवा नुसतीं घरचीं रोजचीं कामें उरकावयाचीं असतील, तर तींहि कारणें पुरेशीं आहेत. म्हणजे आईनें आधीं मोडून पडावें, मग तिचा अर्ज घ्यावा, असें नाहीं. ती उभी आहे तोंवरच तिला बसावयास मिळावें, हें त्या कलमाचें मर्म आहे.

उसंतीचा हिशेब पैशांत आणि दिवसांत चोख मांडून दाखविण्याचें काम जर्मनीनें केलें आहे. तेथें १ जानेवारी १९९५ पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू झाला. नोकरदार वर्गणी भरतो, मालकहि भरतो. आणि पुढें परावलंबित्व आलें म्हणजे त्याची तपासणी होऊन पायऱ्या ठरतात. दुसऱ्या पायरीपासून उसंतीचा हक्क लागू होतो. तिचे प्रकार दोन. सांभाळणारी व्यक्ति आजारी पडली किंवा सुट्टीवर गेली तर तिच्या जागीं घरीं येऊन काम करणाऱ्या बदलीच्या माणसाचा खर्च, हा पहिला. आणि अपंग व्यक्तीनें कांहीं आठवडे शुश्रूषागृहांत जाऊन राहावयाचें, हा दुसरा. पूर्वीं या दोहोंच्या रकमा निराळ्या, नियमहि निराळे. १ जुलै २०२५ पासून दोन्ही मिळून वर्षाला ३,५३९ युरोंची एकच रक्कम करण्यांत आली, आणि दोहोंची मर्यादा आठ आठवडे अशी सारखी झाली. घरीं सांभाळण्याबद्दल जो मासिक भत्ता मिळतो, त्यांतील निम्मा भाग या काळांतहि चालू राहतो.

या नियमांत दोन बारकावे आहेत, आणि ते घरसंसार जाणणाऱ्यानें घातले आहेत असें वाटतें. बदलीचा माणूस दिवसांतून आठ तासांहून कमी वेळ आला तर तो दिवस आठ आठवड्यांच्या मोजणींत धरीत नाहींत, आणि त्या दिवसाचा भत्ताहि कापीत नाहींत. म्हणजे ज्या आईला पंधरा दिवस नको आहेत, दर गुरुवारीं दुपारचे चार तास हवे आहेत, तिलाहि ही रक्कम वापरतां येते. दुसरा बारकावा असा : पूर्वीं बदलीच्या माणसाचा खर्च मिळण्याआधीं सहा महिने घरीं सांभाळ केलेला असावा लागे. ही अट २०२५ च्या त्याच सुधारणेनें काढून टाकली. थकव्याला सहा महिन्यांची वाट पाहावयास लावणें योग्य नव्हे, हें अखेर मान्य झालें.

तथापि जर्मनीचें चित्र निर्दोष आहे असें मानूं नये. शुश्रूषागृहांतील राहण्या-जेवण्याचा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो. शिवाय हक्क कागदावर असला तरी अल्प मुदतीच्या खाटा सहजासहजीं मिळत नाहींत. कायमच्या रहिवाशानें भरलेली खाट चालकांस सोयीची वाटते आणि दर पंधरवड्यास माणूस बदलणारी खाट गैरसोयीची. उसंतीसाठीं नुसता निधि पुरत नाहीं. राखून ठेवलेली जागाहि लागते, हा धडा तेथून घेण्यासारखा आहे.

ऑस्ट्रेलियानें याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढें आणली. २०१३ सालच्या कायद्यानें तेथें राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना सुरू झाली. तींत निधि संस्थेच्या नांवें नसून प्रत्येक अपंग व्यक्तीच्या नांवें आंखलेला असतो, आणि अल्प मुदतीच्या निवासासाठीं वर्षांत साधारणतः २८ दिवसांपर्यंत सोय धरण्याचा तेथें प्रघात पडला. दिवस अपंग व्यक्तीचे आहेत, सांभाळणाऱ्याचे नाहींत. आईला मिळणारी विश्रांति ही त्या दिवसांची सांवली. वरवर पाहतां हा शब्दांचा खेळ वाटेल. परंतु त्यांत एक मोठें तत्त्व आहे. पंचवीस वर्षांचा तरुण मुलगा आयुष्यांत एक रात्रहि घराबाहेर राहिलेला नाहीं, आईवांचून दुसऱ्या कोणाचा हात त्याला माहीत नाहीं, त्याच्या वयाच्या चार जणांत तो बसलेला नाहीं. आई त्याला कंटाळत नसेल. पण तो आईला कधीं कंटाळत असेल, हें कोणी विचारलें आहे काय? उसंत त्यालाहि हवी असते. म्हणून ज्या ठिकाणीं त्याला न्यावयाचें तें ठिकाण त्याला आवडलें पाहिजे, आणि बोलून वा खुणेनें ज्या रीतीनें तो मत देऊं शकतो त्या रीतीनें त्याचें मत घेतलें पाहिजे. लग्नाला जातांना दागिने बँकेंत ठेवतात तसें माणूस ठेवतां येत नाहीं.

येथें घरोघरच्या मनांत दाटून येणारी भीति आड येते. परक्या ठिकाणीं त्याला वेळेवर पाणी मिळेल का ? कोणी हात उगारला तर तो सांगणार कसा ? ही भीति निराधार आहे असें म्हणणें धाडसाचें होईल. जो बोलूं शकत नाहीं त्याच्यावर होणारा अन्याय फार काळ झांकून राहतो. त्यावर उपाय भीति गिळण्याचा नव्हे, व्यवस्था पारखण्याचा आहे. चांगल्या ठिकाणाच्या खुणा ठरलेल्या आहेत. तेथें आगाऊ कळविल्यावांचून भेटावयास जातां येतें. दर वेळीं तोच ओळखीचा सेवक असतो. आरंभ एकदम पंधरा दिवसांनीं न करतां दोन तासांनीं होतो, मग एक दुपार, मग एक रात्र. आणि घरून आलेली संवयींची वही तेथें खरोखर वाचली जाते. जेथें पहिल्याच भेटींत ‘तुम्ही निश्चिंत जा, आम्ही पाहून घेऊं’ एवढेंच सांगतात आणि मुलाविषयीं एकहि प्रश्न विचारीत नाहींत, तेथून परत फिरावें हें बरें.

भीतीहून अवघड अशी दुसरी अडचण आहे, ती अपराधाच्या भावनेची. ‘पोटच्या मुलाला ठेवून ही खुशाल माहेरीं गेली’ हें वाक्य कोणी प्रत्यक्ष उच्चारण्याची गरज नसते. तें त्या बाईच्या मनांत आधींच उमटलेलें असतें. परंतु रात्रपाळीनंतर परिचारिकेनें घरीं जाऊन झोंप घेतली तर तिला कोणी निर्दय म्हणत नाहीं; उलट, न झोंपतां आलेल्या परिचारिकेच्या हातची सुई कोणी टोंचून घेणार नाहीं. थकलेल्या हातून औषधाची मात्रा चुकते, थकलेल्या तोंडून नको तो शब्द जातो, आणि मग त्याचा पश्चात्ताप पुन्हां थकवतो. विश्रांति घेतल्यानें माया कमी होत नाहीं. मायेला पुरून उरण्याइतका थकवा आला म्हणजे मात्र ती कमी झाल्यासारखी दिसूं लागते.

भारतांत हा विषय कायद्याला अपरिचित नाहीं. १९९९ च्या कायद्यानें राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठीं तो आहे. अशा व्यक्तीस स्वतःच्या कुटुंबांत राहतां यावें म्हणून साहाय्य बळकट करणें हें त्याचें एक उद्दिष्ट, आणि आईबाप किंवा पालक यांच्या मृत्यूनंतर तिच्या सांभाळाची तजवीज करणें हें दुसरें. दोन्ही उद्दिष्टें थोर आहेत. परंतु आईबाप धडधाकट असणें आणि आईबाप नसणें या दोन टोकांच्या मध्यें आईबाप थकणें अशी एक लांबच लांब अवस्था असते, आणि बहुतेक कुटुंबांचें आयुष्य त्या अवस्थेंतच जातें. न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेनें अल्पकालीन निवासाची कल्पना येथें आणली. तिचें अनुदान नोंदलेल्या संस्थांच्या द्वारें येतें आणि तिचा रोख निराधार व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांकडे आहे. ज्या गांवीं अशी संस्था नाहीं तेथील घराला तिचा उपयोग कसा व्हावा ?

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग-हक्क करारांतील २८ व्या कलमांत, दारिद्र्यांत राहणाऱ्या अपंग व्यक्ति व त्यांचीं कुटुंबें यांस सरकारनें द्यावयाच्या साहाय्यांत या अल्प मुदतीच्या उसंतीचा नांवानिशीं उल्लेख आहे. भारतानें तो करार २००७ सालीं मान्य केला. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे त्यांच्यासाठीं सांभाळणाऱ्याच्या भत्त्याची तरतूद आली. केरळ राज्यानें ‘आश्वासकिरणम्’ या योजनेखालीं अशा सांभाळणाऱ्यांस दरमहा ६०० रुपये ठरविले. या सर्वांत पैसा आहे, संस्था आहे, सदिच्छाहि आहे. नाहीं ती एकच गोष्ट : वर्षांतले इतके दिवस या घराचे, असें घराच्या हातीं देतां येणारें मोजमाप. २०११ च्या जनगणनेंत देशांत २ कोटि ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्या सर्वांनाच रात्रंदिवस सांभाळ लागतो असें नाहीं. परंतु ज्यांना लागतो त्यांच्या घरांतील जागणाऱ्यांची गणना कोठेंहि झालेली नाहीं.

मुंबई-पुण्याच्या सुखवस्तु घरांनीं यावर आपल्यापुरता एक मार्ग काढला आहे. ब्यूरोकडून बारा तासांची बाई आणावयाची. पण तिचा पगार सगळा घरचा. ती आज आहे, उद्यां नाहीं. आणि व्हीलचेअरवरून माणसाला कसें उचलावें, आकडी आली असतां काय करूं नये, हें तिला कोणी शिकविलें आहे कीं नाहीं, तें नशिबावर अवलंबून. ज्या घराला तिचा पगार झेपत नाहीं तेथें तर जुन्या एकत्र कुटुंबाच्या आठवणीवांचून कांहीं उरत नाहीं. त्या कुटुंबांत चार हात असत हें खरें; पण ते चारहि हात बहुधा बायकांचे असत, हेंहि तितकेंच खरें.

सरकारनें करावयाचें सरकारवर सोडलें तरी घराला दोन-तीन गोष्टी आजच करतां येतील. सांभाळणाऱ्याच्या डोक्यांतील सारें शास्त्र एका वहींत उतरवून ठेवावें : औषधांच्या वेळा, घास भरविण्याची रीत, भीति कशाची, आनंद कशाचा. घरांतील आणखी दोघांनीं तें काम हातानें शिकावें, आणि त्यांत एक पुरुष असावा. आठवड्यांतील एक दुपार सांभाळणाऱ्याच्या नांवें लिहून ठेवावी, व ती पाहुणे आले म्हणून मोडूं नये. आणि जे केवळ विचारपूस करावयास येतात, त्यांनीं फळांऐवजीं दोन तास आणावेत.

परंतु ही घरची सोय सार्वजनिक व्यवस्थेची जागा घेऊं शकत नाहीं, याचाहि विसर पडूं नये. शेजाऱ्याच्या सौजन्यावर एक दुपार निभावते. तीस वर्षें निभावत नाहींत. कामगाराची साप्ताहिक सुट्टी ही एके काळीं मालकाची मेहेरबानी होती. पुढें ती कायद्याचा दिवस झाली, आणि त्यामुळें कारखाने बंद पडले नाहींत. घरांतल्या या बिनपगारी कामगाराच्या वांट्यास तसे मोजके दिवस आले तर घरेंहि मोडणार नाहींत. ते दिवस किती असावेत, अठ्ठावीस कीं छप्पन्न, याचा वाद करतां येईल. आज तिच्या नांवावर त्यांपैकीं एकहि नाहीं.